पान किती तास ओलं राहतं? लावणीची तारीख, ओळींतलं अंतर आणि करपा-केवडा

डिसेंबरातली सकाळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही गावचे, एकाच बांधाला लागून असलेले टोमॅटोचे दोन प्लॉट डोळ्यांसमोर आणा. वाण एक, रोपं एकाच नर्सरीतली, फवारण्याही सारख्याच. पहिल्याच्या पूर्वेचा ऊस गेल्या आठवड्यात तुटून गेलाय. दुसऱ्याच्या तिन्ही बाजूंना डोक्यावरून जाणारा ऊस उभा आहे. पहिल्यात साडेआठला पानं कोरडी असतात. दुसऱ्यात साडेदहा वाजून गेले तरी खालच्या पानांच्या टोकाला दवाचा थेंब लोंबत असतो. हे रोज दोन तासांनी उशिरा वाळणं महिनाभर चाललं की दुसऱ्या प्लॉटात करपा, म्हणजे पानांवर डाग पाडून ती वाळवणारा रोग, दिसायला लागतो. मग दोष औषधाला, नर्सरीला नाहीतर 'खराब हवामाना'ला जातो.

पण हवामान दोन्ही प्लॉटांना सारखंच होतं. वेगळे होते ते फक्त पान ओलं राहण्याचे तास. लावण कधी करायची आणि दोन ओळींत किती जागा सोडायची, या दोन्ही निर्णयांचा रोगाशी संबंध येतो तो या तासांमधूनच. हे एकदा ध्यानात आलं की अंतराचे तक्ते पाठ करावे लागत नाहीत. आपल्या रानाला काय लागतं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

ओल्या पानावर रात्रीत काय घडतं

बुरशीचा बीजाणू डोळ्याला दिसत नाही. तो वाऱ्यानं येतो, पावसाच्या थेंबाबरोबर मातीतून उडतो, किंवा तोडा करणाऱ्याच्या हाताला आणि कपड्यांना चिकटून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. कोरड्या पानावर तो नुसता पडून असतो. पाण्याचा पातळ थर मिळाला की फुगतो, त्याला कोंब फुटतो आणि तो कोंब पानाची साल भेदून किंवा पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो. या सगळ्याला काही तास लागतात. त्याआधी ऊन लागून पान वाळलं तर बहुतेक कोंब तिथंच सुकतात. एकदा आत शिरला की मात्र पान वाळलं काय, भिजलं काय, त्याला फरक पडत नाही.

किती तास लागतात हे रोगागणिक बदलतं. काकडीवर्गातल्या केवड्याला (पानावर पिवळे डाग पाडणारा रोग) १५ ते २० अंश तापमान आणि सहा तासांचा ओलावा भरपूर होतो. ऐन पोषक हवेत तो त्याहून कमी वेळातही भागवतो. टोमॅटोच्या उशिरा येणाऱ्या करप्याला थंड, ढगाळ हवा आणि दहा-बारा तास ओलं पान लागतं. लवकर येणारा करपा, म्हणजे पानावर गोल कड्यांचे डाग पाडणारा, २४ ते २९ अंशांच्या उबेत जोर धरतो. मिरचीच्या फळकुजीला २७-२८ अंशांची दमट हवा लागते.

डाग आत शिरल्या दिवशी दिसत नाही. त्याला साधारण चार ते आठ दिवस जातात. आज दिसणारा करपा गेल्या आठवड्यातल्या ओल्या रात्रीचा असतो. 'काल फवारलं तरी आज डाग आले' ही तक्रार म्हणूनच औषधावर अन्याय करणारी आहे. ते डाग आधीच आत पिकत होते.

इथं एक खुलासा लागतो. केवडा आणि उशिरा येणारा करपा यांना आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबात ते खऱ्या बुरशीत बसत नाहीत. ते पाण्यातल्या शेवाळाच्या जवळचे. त्यांचे बीजाणू पाण्याच्या थरात शेपटी हलवत पोहतातसुद्धा. याचा व्यवहारातला अर्थ असा की कार्बेन्डाझिम त्यांच्यावर चालत नाही. दुकानातून 'बुरशीनाशक' एवढंच मागून आणलं आणि हाती कार्बेन्डाझिम आलं, तर केवड्यावर ते पाणी मारल्यासारखंच.

भुरीचं, म्हणजे पानावर पांढरी भुकटी धरणाऱ्या रोगाचं, वागणं अगदी उलटं. तिला पानावर पाणी लागतच नाही. उलट जोराच्या पावसानं ती धुऊन जाते. दिवसा कोरडं ऊन, रात्री दमट गारवा आणि झाडाच्या आत सावली असली की भुरी खूश. अंतर वाढवल्यानं तिला थोडा आळा बसतो, कारण आतल्या पानांना ऊन लागतं आणि औषध पोचतं. पण करप्याइतका फायदा तिथं मिळत नाही.

तारीख लावणीची नको, सरी मिटण्याची धरा

'टोमॅटो कधी लावावा' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. लावणीनंतर पहिले तीन-चार आठवडे रोप लहान असतं. चहूबाजूंनी वारं लागतं, पाऊस पडला तरी तासाभरात पान वाळतं. त्या वयात मर (मुळातून शिरून झाड सुकवणारा रोग) आणि कोलमडीची (रोप बुंध्याशी आडवं पडण्याची) भीती असते, करप्याची कमी. खरी जोखीम चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी सुरू होते. तेव्हा दोन झाडांचा पाला एकमेकांत शिरतो, सरी मिटत येते, खालची पानं जमिनीला टेकतात आणि फळंही धरलेली असतात. म्हणून कॅलेंडरवर लावणीच्या तारखेत ४५ दिवस मिळवा आणि त्या दिवशी आपल्या भागात हवा कशी असते ते बघा.

मृगात, समजा १२ जूनला लावण केली. सरी मिटते २७ जुलैच्या सुमाराला, म्हणजे पुष्यात. तरणा पाऊस (पुनर्वसूचा) नुकताच संपून म्हातारा (पुष्याचा) सुरू असतो आणि करवीर, पन्हाळा, कागल या पट्ट्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पान दिवसा वाळत नाही, रात्री वाळण्याचा प्रश्नच नाही. पाच सोडून सात फूट अंतर ठेवलं तरी अशा हवेत पान ओलंच राहणार. अंतराचा उपयोग वाळायला मदत करण्यापुरता असतो आणि वाळवायला हवेत काही नसेल तर अंतर काय करणार?

मघात, १८ ऑगस्टला लावलं तर सरी २ ऑक्टोबरच्या आसपास मिटते. हस्त नक्षत्र. इथं फसगत होते. श्रावणातली उघडीप बघून लावण केलेली असते, झाडं सप्टेंबरभर हिरवीगार दिसतात आणि फळ धरायच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो. दिवसा ऊन, संध्याकाळी गडगडाट आणि रात्रभर ओलं पान. लवकर येणाऱ्या करप्याला याहून चांगली हवा वर्षात दुसरी मिळत नाही. शिवाय संध्याकाळचा पाऊस सकाळच्या पावसापेक्षा जास्त वाईट, कारण त्याच्या मागोमाग रात्र येते आणि दव त्यात भर घालतं. ओलाव्याचे तास चौदा-पंधरावर जातात.

उत्तरात, १५ ते २० सप्टेंबरला लावलं तर सरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिटते. तोवर पाऊस बहुतेक आटोपलेला असतो. परतीच्या पावसाचा मार रोप लहान असताना बसतो आणि लहान रोप तो सोसतं. आमच्या मते नदीकाठचा आणि मध्यभागाचा विचार करता करप्याच्या दृष्टीनं, उन्हाळी लावण सोडली तर, हीच सगळ्यात कमी जोखमीची खिडकी. तरीही दोन धोके उरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला की दोन-चार दिवस ढगाळ, बुरबुर पाऊस आणि गारवा येतो. उशिरा येणारा करपा त्याचीच वाट बघत असतो. दुसरा धोका बाजाराचा. कमी रोगाची तारीख सगळ्यांनाच सोयीची, त्यामुळे माल एकदम येतो आणि दर पडतो. मृगाच्या लावणीला जास्त दर मिळतो तो तिच्यातली जोखीम सगळ्यांनी टाळल्यामुळेच.

ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या लावणीत पावसाची जागा दव घेतं. आभाळ निरभ्र, वारं पडलेलं, रात्र गार. पान हवेपेक्षा लवकर थंड होतं आणि त्यावर पाणी जमतं. पंचगंगा, कृष्णा, वारणेच्या काठच्या मळीच्या रानात धुई साचते ती नऊ-साडेनऊपर्यंत हटत नाही. तिथून थोड्याच अंतरावरच्या माळावर तीच सकाळ कोरडी असते. काकडी आणि दोडक्याच्या केवड्याचा फरक गावागावांत इतका का दिसतो, त्याचं हे मुख्य कारण.

जिल्ह्याला एक तारीख देता येत नाही, कारण पाऊसच एक नाही. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळात तो ५००-६०० च्या आसपास थांबतो. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या पश्चिम भागात उघड्यावर पावसाळी टोमॅटो घ्यायच्या फंदात पडू नये. शिरोळ-हातकणंगल्याच्या माळरानात तो घेता येतो, पण तिथंही काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मर लागते आणि पूरपट्ट्यात तर २००५, २०१९ आणि २०२१ विसरून चालत नाही.

अंतर बुंध्यापासून नाही, पानापासून पानापर्यंत

कागदावरचं अंतर बुंध्यापासून बुंध्यापर्यंत असतं. रोगाला बुंध्याशी देणंघेणं नाही. त्याला बघायचंय की पाला आणि पाल्यामध्ये हवा जाते का. तार-काठीवर नीट बांधलेल्या टोमॅटोची ओळ दोन-अडीच फूट रुंद होते. बांधणी ढिली असेल तर साडेतीन फूट. चार फुटी सरीत चांगल्या बांधणीला दीड फूट मोकळी जागा उरते, ढिल्या बांधणीला जेमतेम अर्धा फूट. पाच फुटी सरीत चांगल्या बांधणीला अडीच फूट. म्हणजे वेळेवर बांधणी न करणं हे अंतर एक फुटानं कमी करण्यासारखंच आहे. रोप फूटभर झालं की पहिली सुतळी, नंतर बारा-पंधरा दिवसांनी एकेक. झाड लोळल्यावर बांधायला घेतलं की फांद्या मोडतात आणि पाला एका बाजूला गोळा होतो.

मोजायची एक सोपी खूण आहे. पूर्ण वाढीच्या वेळी पाठीवर पंप घेतलेला माणूस पानांना न घासता सरीतून जायला हवा. त्यासाठी दोन फूट मोकळे लागतात. त्याहून कमी असेल तर प्लॉट दाट आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

रोपांचा हिशेब बघा. एकरात ४३,५६० चौरस फूट. ४ × १ फुटावर (दोन ओळींत ४ फूट, दोन रोपांत १ फूट) १०,८९० रोपं बसतात. ५ × १.२५ वर साधारण ६,९७०. ५ × १.५ वर ५,८०८. आणि ६ × १.२५ वरही तितकीच, ५,८०८. शेवटच्या दोहोंत रोपं सारखी, पण करप्यासाठी आम्ही सहा फुटी सरी निवडू. ओळीतली झाडं तारेवर भिंतीसारखी एक होणारच असतात, मग ती सव्वा फुटावर असोत की दीड. वारं आणि ऊन येतं ते सरीतून. म्हणून जागा द्यायचीच तर ती ओळींच्या मध्ये द्या, दोन रोपांच्या मध्ये नको. जोडओळीचा मोह मात्र पावसाळी टोमॅटोला टाळा. एका गादीवर दोन ओळी म्हणजे त्यांच्या मधल्या फूटभर जागेत ऊन कधी पडतच नाही.

'पाच हजार रोपं कमी लावायची म्हणजे नुकसानच की' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण दाट प्लॉटातली खालची पानं सावलीत पिवळी पडतात, पंपाचं औषध बाहेरच्या पाल्यावर अडतं आणि खालच्या घोसांपर्यंत पोचत नाही. करपा तिथूनच वर चढतो. मोकळ्या झाडाला फांद्या जास्त, तोडे जास्त आणि फळ मोठं. सगळी घट भरून निघेल असं नाही. कोरड्या माळावर, थंडीत, ठिबक-मल्चिंगवर ५ × १.२५ पुरतं आणि तिथं सहा फूट सोडणं म्हणजे जागा वाया घालवणं. पण नदीकाठच्या भारी रानात ४ × १ लावून नंतर आठवड्याला फवारणी करत बसण्यात शहाणपण नाही.

आणखी एक गोष्ट अंतर चोरते, ती म्हणजे युरिया. आपल्या भागात हात उसाचा. उसाला जशी नत्राची पोती ओतली जातात तसाच हात टोमॅटो-मिरचीवर चालला की पानं तळहाताएवढी आणि मऊ होतात. पाच फुटी सरी पस्तिसाव्या दिवशीच मिटते, आणि मऊ पानात बीजाणूचा कोंब सहज शिरतो. उसाचा खोडवा काढून केलेल्या रानात आधीचं खत शिल्लक असतं, तेही हिशेबात धरा.

ओळींची दिशा कोणती? पहिला मान उताराला, कारण पाणी साचलं तर बाकी सगळं व्यर्थ. उतार नसेल तर पावसाळी पिकाला पूर्व-पश्चिम ओळी, कारण त्या दिवसांत वारं पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतं आणि सरीतून आरपार जातं. थंडीच्या पिकाला दक्षिण-उत्तर, म्हणजे सकाळचं ऊन एका बाजूच्या आणि दुपारनंतरचं दुसऱ्या बाजूच्या पानांना लागतं.

शेजारचा ऊस

भाजीपाल्याच्या पुस्तकांत हे सहसा सापडत नाही, कारण पुस्तकं उसाच्या रानात बसून लिहिलेली नसतात. कोल्हापुरात भाजीचा प्लॉट म्हणजे उसाच्या समुद्रातलं बेट. उभा ऊस वारं अडवतो. दाट भिंतीमागं तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारं मंदावतं, म्हणजे दहा फुटी उसामागं शंभर फूट. दहा-पंधरा गुंठ्यांचा सगळा प्लॉट त्यात बसतो.

सावलीचा हिशेबही करून बघा. डिसेंबर अखेरीला कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेआठला तो इतका खाली असतो की दहा फुटी उसाची सावली पंचवीस-तीस फूट पडते. पूर्वेला ऊस असेल तर पाच फुटी सरीच्या पहिल्या पाच ओळी तेव्हाही अंधारात. करपा प्लॉटाच्या पूर्वेच्या कडेला आधी दिसतो असं अनेकजण सांगतात, त्यामागं हेच कारण असू शकतं.

म्हणून थंडीच्या लावणीआधी शेजाऱ्याला एक प्रश्न विचारायचा: 'तुमची तोड कधी?' आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस असेल तर कारखाने सुरू झाल्यावर लवकर जाण्याची शक्यता. 'सुरू', म्हणजे वर्षभराचा ऊस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा राहणार. पूर्वेकडचा ऊस उशिरा जाणार असेल तर त्या बाजूला बारा-पंधरा फुटांची पट्टी सोडून तिथं मेथी, कांदा असं बुटकं पीक घ्या आणि टोमॅटोची ओळ तिथून पुढं सुरू करा. तिन्ही बाजूंना ऊस असलेल्या रानात काकडी-दोडका डिसेंबरात न लावलेलाच बरा. ते रान जानेवारीनंतर वापरा.

पांढरी माशी अडवायला प्लॉटाच्या कडेनं मका लावतात. कल्पना चांगली, पण पावसाळ्यात पश्चिमेच्या कडेला मक्याची दाट भिंत उभी केली की वाऱ्याची तीच अडचण. तेव्हा त्या बाजूचा मका विरळ ठेवा. उन्हाळी लावणीत, जिथं बुरशीपेक्षा माशीची भीती मोठी, तिथं चारही बाजूंनी दाट लावायला हरकत नाही.

टप्प्याटप्प्यानं लावण करणाऱ्यांनी वाऱ्याची दिशा बघून सरकावं. जुन्या, करपा लागलेल्या प्लॉटाच्या वाऱ्याखाली नवी रोपं लावली की ती पहिल्या दिवसापासून बीजाणूंच्या माऱ्यात. पावसाळ्यात नवा प्लॉट जुन्याच्या पश्चिमेला असावा. आणि जुन्याचे तोडे संपले की झाडं उपटून बाहेर काढायची. 'वाळू दे, मग बघू' म्हणून महिनाभर उभी ठेवलेली झाडं बीजाणूंचा कारखाना असतो. वाळलेल्या पाल्यातही लवकर येणारा करपा टिकून राहतो. त्यामुळे त्याच रानात दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीच नको.

जिथं हे गणित उलटतं

फेब्रुवारीची टोमॅटो लावण करप्यापासून जवळपास मोकळी. दव नाही, पाऊस नाही. पण त्याच कोरड्या उबेत पांढरी माशी आणि फुलकिडे वाढतात आणि पानं आकसणारे विषाणू रोग पसरतात. मिरचीला तर बोकड्या ठरलेलाच. म्हणजे तारीख पुढं ढकलून एका शत्रूपासून सुटका आणि दुसऱ्याच्या तावडीत. शिवाय विषाणूच्या बाबतीत विरळ लावणीचा फायदा नाही. माश्या तितक्याच, झाडं कमी, मग दर झाडामागं माश्या जास्त. उन्हाळी लावणीत थोडी दाट लावण आणि रोगट झाड दिसताच उपटणं हे विरळ लावणीपेक्षा परवडतं.

मर रोगालाही अंतरानं फारसा फरक पडत नाही. तो मातीतून मुळात शिरतो. तिथं फूटभर उंच गादीवाफा, पाण्याचा निचरा आणि फेरपालट हेच उपाय.

बाकीची पिकं, थोडक्यात

काकडीला तारीख जास्त सांभाळावी लागते, कारण तिचं सगळं आयुष्य अडीच-तीन महिन्यांचं. बी टाकल्यापासून तीस दिवसांनी वेल तारेवर पसरतो. तेव्हा धुईचे दिवस नकोत. दोन ओळींत पाच-सहा फूट, दोन वेलांत दीड ते दोन फूट आणि वेल उभ्या ताटीवर. दोडका-कारल्याचा मांडव पाच फुटांवर टाकला की खाली गुहा होते. साडेसहा फूट उंची द्या आणि बुंध्यापासून मांडवापर्यंतची बगलफूट काढा. केवडा ओळखायला सकाळी पान उलटं करून बघा: वरून शिरांच्या मध्ये अडकलेले कोनाकोनाचे पिवळे डाग, खालून जांभळट-करडी लव. ऊन चढल्यावर ही लव नीट दिसत नाही.

मिरचीची फळकूज लाल फळावर जास्त. जूनच्या लावणीची फळं पिकायला लागतात तेव्हा परतीचा पाऊस असतो. अशा प्लॉटात लाल मिरची करायचा हट्ट सोडून हिरवे तोडे लवकर-लवकर घ्यावेत.

कोबी-फ्लॉवरला थंडीत दीड × दीड फूट चालतं. पावसाळ्यात दोन ओळींत दोन फूट द्या. घाण्या हा जिवाणूंचा रोग, बुरशीचा नाही. पण तो पानाच्या कडेवर पहाटे जमणाऱ्या थेंबातून आत शिरतो, म्हणून इलाज तोच. भेंडीच्या भुरीला अंतरापेक्षा तारीख आवरते: थंडीत फळावर येईल अशी पेरणी टाळा. कोथिंबीर पावसाळ्यात फोकून दाट टाकली की मधूनच बसते. तेव्हा गादीवाफ्यावर ओळीत पेरा आणि बी नेहमीपेक्षा कमी, गुंठ्याला अर्ध्या किलोच्या आसपास ठेवा.

दाटीचा सगळ्यात जुना बळी मात्र रोपवाटिका. वाफ्यावर बी मुठीनं फेकलं की रोपं बुंध्याशी पाणी धरतात आणि रात्रीत गोल चट्टे पडून कोलमडतात. ओळी चार बोटांच्या अंतरानं, बी एक सेंटिमीटर खोल आणि पाणी सकाळी. ट्रेमध्येही तेच: संध्याकाळी झारीनं पाणी घालण्याची सवय हेच कोलमडीचं पहिलं कारण. बियाण्याला किलोमागं ४-५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळलेला असावा.

दाट लावून झालंय, आता काय?

आधी आपला प्लॉट किती ओला राहतो ते मोजा. तीन दिवस, सकाळी सातपासून दर तासाला, मधल्या ओळीतलं खालचं पान टिश्यू पेपरनं टिपून बघा. कागद कोरडा निघाला की वेळ लिहा. बांधाकडच्या ओळीतलं पानही तसंच बघा. दोन्हींत तासापेक्षा जास्त फरक असेल तर आतली हवा कोंडलेली आहे. दव कधी पडायला लागतं ते रात्री दहाला बॅटरी घेऊन एकदा बघितलं की ओलाव्याचे एकूण तास कळतात. दहाच्या वर जात असतील तर काहीतरी करायलाच हवं.

टोमॅटोत पहिला घोस धरला की जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढा. एका वेळी दोन-तीनच, कडक उन्हात, पान पूर्ण कोरडं असताना. आणि काढलेला पाला सरीत टाकू नका, पोत्यात भरून प्लॉटाबाहेर न्या. सुतळी ओढून ओळ अरुंद करा. पाणी पाटानं देत असाल तर ते सकाळी द्या, म्हणजे संध्याकाळी सरी ओली राहत नाही. मल्चिंग नसेल तर उसाचं पाचट सरीत पसरा. पावसाचा थेंब मातीवर न आपटता पाचटावर पडतो आणि मातीतला करपा खालच्या पानांवर उडत नाही. युरिया थांबवा. तोडा दव वाळल्यावरच सुरू करा, मग बाजारची गाडी अर्धा तास थांबली तरी चालेल. ओल्या पाल्यातून दहा मजूर फिरले की एका कोपऱ्यातला रोग दुपारपर्यंत सगळ्या प्लॉटात पोचतो.

आणि ४ × १ वर लावलेल्या, अजून तीस दिवसांच्या आत असलेल्या प्लॉटात एक जिवावर येणारा उपाय आहे: दर तिसरी ओळ मुळापासून काढून टाकणं. उरलेल्या प्रत्येक ओळीला एका बाजूनं आठ फुटांची मोकळी सरी मिळते. रोपं एकराला साधारण ७,२६० राहतात, म्हणजे ५ × १.२५ पेक्षा किंचित जास्तच. पंचेचाळीस दिवसांनंतर हे करू नका. तोवर मुळं आणि फांद्या एकमेकांत गेलेल्या असतात आणि उपटताना राहणाऱ्या झाडांची मुळं तुटून मरीला वाट मिळते.